एक जूनची मुलगी

१ जून २०२५, रविवार

दुपारपर्यंत एकोणतीस. संध्याकाळपर्यंत चाळिशी गाठतील. सगळे माझे विद्यार्थी, सगळ्यांचा वाढदिवस आज – आणि सगळ्यांचा मीच ठरवलेला! आईबापांना तारीख सांगता आली नाही की मी शाळेच्या रजिस्टरात एक जून लिहायचो. जूनमध्ये शाळा भरते, पोराला सहा पूर्ण दिसायला हवीत, मग एक जून बरा. अडतीस वर्षांत वाड्यावस्त्यांवर मी इतकी मुलं एका दिवशी जन्माला घातली की ब्रह्मदेवानं माझ्याकडे शिकवणी लावावी.

माझ्या मास्तरांनी मलाही तोच लावलेला. म्हणजे आज मी एकाहत्तर, कागदावर. खरा किती ते आईबरोबर गेलं.

सुरज दौंडला रेल्वेत आहे. त्याचा मेसेज – "सर, आपली अख्खी बॅच एकाच दिवशी रिटायर होणार. हॉल आत्ताच बुक करू का?"

पहिला मेसेज मात्र नेहमीप्रमाणे स्वप्नालीचा. पहाटे पाच पन्नासला, कुरकुंभच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला जाताना बसमधून. "हॅपी बर्थडे सर, आपल्या दोघांना." खंडू मेंढक्याची नात ही. गुणी पोर. वर्षं लोटली, एकदाही चुकली नाही.

आंघोळ करताना चौथीची एक कविता चालीवर म्हटली. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. शिरूरमधली रसिकता ओसरत चाललीय.

३ जून

करुणा आली होती. माझी विद्यार्थिनी, आता दौंडच्या कोर्टात वकील. येताना पेढे आणायची, आज फाइल आणली. चहा पुढे केला तर म्हणाली, "आधी ऐकून घ्या सर, मग प्या."

ऐकलं. चहा तसाच राहिला.

स्वप्नालीचा बाप ती तिसरीत असताना अपघातात गेला. आई करोनात. मागे उरला आजोबा, खंडू. स्वप्नालीची मावशी राजश्री ऑस्ट्रेलियात नर्स आहे. आईबाप नसलेल्या भाचीला जवळ नेता येतं, त्याचा वेगळा व्हिसा असतो. तिनं जुलै २०२२ मध्ये अर्ज केला. अट एक – अर्जाच्या दिवशी मुलगी अठराच्या आत हवी. स्वप्नालीच्या दाखल्यावर, आधारवर, पासपोर्टवर जन्म १ जून २००४. म्हणजे अठरा वर्षं आणि पाच आठवडे.

अर्ज नामंजूर. पाच आठवड्यांसाठी!

"ती तर थंडीतली म्हणतात सर. डिसेंबर २००४. म्हणजे तेव्हा साडेसतराची होती." करुणानं रजिस्टराची झेरॉक्स पुढे सरकवली. "हे अक्षर कुणाचं?"

वळणदार अक्षर. 'जून'मधला ऊकार तर काय सुरेख. अक्षराबद्दल मला जिल्ह्यात बक्षीस होतं.

म्हणालो, "माझं."

मावशीनं त्या निर्णयाविरुद्ध तिकडे दाद मागितलीय. फेरविचाराची सुनावणी १९ ऑगस्टला, फोनवर. तोवर मी प्रतिज्ञापत्र करून द्यायचं, की तारीख मी मनानं लिहिली. आणि खरी तारीख कशावरून, त्याचाही पुरावा हवा.

नामंजुरी आली ती गेल्या वर्षी एप्रिलमध्ये. त्यानंतर दोनदा एक जून येऊन गेला. दोन्ही वेळा तिचा मेसेज पहिला होता.

४ जून

मेसेज पुन्हा वाचला. "आपल्या दोघांना." जेवण गेलं नाही.

८ जून

महेंद्रकडे गेलो. स्वप्नालीची शाळा आम्ही दोघांनी मिळून चालवली. मी कविता शिकवायचो, गणितासकट बाकी सगळं तो. त्याला सांगितलं, प्रतिज्ञापत्र करतोय.

"शुद्धीवर आहात का गुरुजी? सरकारी रजिस्टरात खोटी नोंद केली म्हणून सही करून देणार? पेन्शनचं काय?"

"तुला आठवतं का रे, का लिहिलं आपण?"

"आपण न्हाई, तुम्ही. पट एकनं कमी पडत होता. एक शिक्षक उचलणार होते. म्हंजी मला." मग चष्मा पुसत, "माझी बदली गडचिरोलीला व्हायची होती. पोरीनं वाचवली. मी पण सही करतो, साक्षीदार म्हणून."

मग दोघं बराच वेळ पावसाबद्दल बोललो. पाऊस नव्हता.

१५ जून

एस.टी.नं दौंडला. करुणाच्या ऑफिसात खंडू आणि स्वप्नाली आधीच येऊन बसलेली. खंडूनं उठून हात जोडले, "रामराम मास्तर." मला त्या क्षणी बाकाखाली जागा असती तर बरं झालं असतं.

स्वप्नालीला म्हणालो, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं सर? तुम्ही नाव घातलं म्हणून शाळा झाली. न्हाईतर मेंढरांमागंच असते." आणि हसून, "आन् वाढदिवस तरी कुठं होता मला? तुम्हीच दिला."

मारलं असतं तर कमी लागलं असतं.

करुणा खंडूला एकेक विचारत होती. दवाखाना? न्हाई, रानात झाली. ग्रामपंचायतीत नोंद? कोन करनार, मुक्काम हलला. लसीचं कार्ड?

खंडू खाली बघत होता. "व्हतं येक. मेंढरांमागं काय टिकतंय बाई. पावसात गेलं."

"तारीख तरी आठवते का, आजोबा?"

"चंपाषष्ठीच्या आदी. तीन-चार दिस. जेजुरीला जायाचं व्हतं, ऱ्हायलं."

मग निघताना त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, आन् समजा न्हाईच म्हनले, तर?"

बिचारा धास्तावलाय. पाठीवर हात ठेवून म्हणालो, "असं होणार नाही." मी वचनं फार चांगली देतो.

२२ जून

मला वाटलं होतं माझ्या रोजनिश्या कधीतरी जगाच्या उपयोगी पडतील. करुणाला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, २०१० च्या वहीत सगळं असणार, ज्या दिवशी तिचं नाव घातलं त्या दिवसाचं. आज ट्रंकेतून काढली. १५ जून २०१०:

"पूर्वेस ढगांचा कापूस पिंजून ठेवला आहे. मन हरिणासारखे उडते. शाळा सुरू. पट भरला."

झालं! ढग आहेत, हरीण आहे, मुलगी नाही.

खाली चार बोटं जागा कोरी. बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत बसलो. 'आज खंडूच्या नातीचे नाव घातले. वय साडेपाच.' एवढंच लिहायचं. अक्षर माझंच, वही माझीच, आणि गोष्टही खरीच. पेनाचं टोपणसुद्धा काढलं.

लिहिलं नाही. सद्विवेक वगैरे नाही – तेव्हा शाईचं पेन वापरायचो, आता घरात नुसती बॉलपेनं. खोटं करण्याइतकीही तयारी नाही माझी.

पण टोपण काढलं होतं, हे इथं लिहून ठेवतो.

२३ जून

ढगांच्या त्या ओळीमुळे एक आठवलं. त्या संध्याकाळी घरी येऊन हिला सांगितलं होतं, पट भरला, खंडूच्या नातीला एक जून लावला. ही भाकरी थापत होती. म्हणाली, "अहो, ती थंडीतली पोर आहे."

मी म्हणालो होतो, "सरकारी कामात थंडी-उन्हाळा नसतो."

किती हजरजबाबी होतो!

पण हिला कसं माहीत, थंडीतली ते? हिला जाऊन सहा वर्षं झाली. आता कुणाला विचारू?

२५ जून

दुपारी डुलकी लागता लागता आठवलं. ताडकन उठलो, गुडघ्यानं लगेच शिक्षा दिली.

आमचं रान! भीमेकाठचं, शिरूर तालुक्यातलं. बाजरी निघाली की दरवर्षी खंडूची मेंढरं तिथं बसायची, लेंडीखतासाठी. त्या साली सुनेचे दिवस भरत आलेले म्हणून तो कोकणात उतरला नव्हता. त्या हिवाळ्यात एका पहाटे रानातून हाक आली आणि ही कंदील घेऊन गेली. उजाडल्यावर आली, म्हणाली, सुटली बाई. मी अंथरुणातच होतो. पण मला त्यावर कविता झाली! माझी सर्वांत चांगली कविता. आणि कवितेखाली तारीख घालायची शिस्त मी आयुष्यात कधी मोडली नाही.

कविता साक्ष देणार. करुणाला लगेच फोन. ती म्हणाली, "सर, नक्की ना?" मी म्हणालो, कवीवर विश्वास ठेव.

२९ जून

कवितांची वही मिळाली. १४ डिसेंबर २००४. शीर्षक 'आगमन'.

पहाटदवाने भिजल्या रानी
कोकरू आले इवले,
चंद्र उशाशी, माय गातसे,
चांदणे त्याने प्याले.

कोकरू.

मुलगी जन्मली आणि मी तिचं कोकरू करून टाकलं! चारही कडवी वाचली, मुलीचा मागमूस नाही. तिसऱ्या कडव्यात तर त्याला शेपूटही आहे.

करुणाला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "सर, हे मी दाखल केलं तर ते मेंढीला व्हिसा देतील."

त्या मुलीचं मी दोनदा वाटोळं केलं. एकदा नोकरी म्हणून, एकदा प्रतिभा म्हणून.

६ जुलै, रविवार

हे नीट लिहायला हवं.

स्वप्नाली सुट्टी म्हणून आली होती. कविता मागितली. आता लपवून काय करायचं, दिली. शेपटाचं कडवं वाचून खूप हसली. मग वही डोळ्यांजवळ नेली. "सर, हे काय चिकटवलंय?"

कवितेच्या बाजूला समासात एक पांढरी पट्टी, चार बोटं रुंद, पान संपेपर्यंत. मी म्हणालो, फाटलं असेल. म्हणालो खरं, पण कान गरम झाले. फाटलं नव्हतं. हिला एक वाईट खोड होती – माझ्या कवितांवर शेरे मारायची, पेन्सिलीनं. कुठं 'हे कधी झालं?', कुठं 'डाळ संपली आहे'. ही वही मी काव्यमंडळात वाचायला नेणार होतो, म्हणून तिचे शेरे कागद लावून झाकले होते. घरच्या खळीनं, स्वतःच्या हातानं. काय झाकतोय ते वाचलंही नव्हतं धड. टीका मला सोसत नाही.

मी नखानं उचकटायला लागलो तर स्वप्नालीनं हात धरला. "ओढायचं नसतं सर. फाटंल. मी लेबल लाइनलाच असते, चुकलेली लेबलं रोज काढते." कोमट पाण्यात फडकं पिळलं, पट्टीवर ठेवलं, तळवा दाबून धरला. उचललं, पुन्हा ठेवलं. अर्धा तास. पट्टी सायीसारखी आली.

हिचं अक्षर. बुटकं, उजवीकडे कलणारं.

"कोकरू कसलं. मुलगी झाली, खंडूच्या सुनेला. मंगळवार, पहाटे चार. चंद्र नव्हता, कंदील मी धरला होता. गात नव्हती, ओरडत होती. माझं जुनं पातळ फाडून गुंडाळली. पोरगी गोरी आहे, नाक आजोबावर."

स्वप्नालीनं दोनदा वाचलं. मग नाकाला हात लावला.

"सर, पातळ कोणत्या रंगाचं होतं?"

मला माहीत नाही. मी कविता करत होतो.

७ जुलै

करुणानं जुनं पंचांग पाहिलं. १४ डिसेंबर २००४ – मंगळवार. अमावास्या दोनच दिवस आधी. पहाटे चारला आकाशात चंद्र असणं शक्यच नाही. चंपाषष्ठी त्याच आठवड्यात.

"काकूंचं एकेक वाक्य तपासून घ्या सर, खरं निघतंय," म्हणाली. "तुमचं एकही नाही."

प्रतिज्ञापत्रावर सही केली. माझ्या सगळ्या लिखाणात हे पहिलंच जे कुणीतरी शेवटपर्यंत वाचणार.

१९ ऑगस्ट

पहाटे साडेपाचला फोन आला. तिकडे सकाळचे साडेनऊ. करुणाच्या ऑफिसात आम्ही सगळे, मोबाईल टेबलाच्या मध्यावर, स्पीकर चालू. निर्णय देणाऱ्या बाईंचा आवाज शांत. दुभाषी बाई बहुधा पुण्याच्या, 'आपण'नं बोलणाऱ्या.

आधी खंडू. नात तुमच्याकडे का राहू शकत नाही? खंडू मोबाईलकडे न बघता म्हणाला, "माजं वय झालं. मेंढरं इकली. डोळं गेलं. मी गेल्याव ती येकलीच." एवढंच. पटका सारखा करत बाहेर जाऊन बसला.

मग मी. आपण एक जून ही तारीख का लिहिली?

मी सुरुवात केली – "वस्तीवरची शाळा, पावसाची चाहूल, आणि दारात एक निरागस –" दुभाषी बाई म्हणाल्या, "सर, कृपया थोडक्यात."

"पट भरायचा होता. वय कमी पडत होतं. मी खोटं लिहिलं."

हे वाक्य किती छोटं निघालं. पंधरा वर्षं उगाच टाळलं.

मग बाईंनी विचारलं, कवितेत कोकरू आहे. ही मुलगी आहे असं आपलं म्हणणं आहे का? म्हणालो, "हो. कोकरू माझी चूक आहे." पलीकडे कुणीतरी खोकलं. समासातला मजकूर वाचा म्हणाल्या. वाचला. 'कंदील मी धरला होता' ही ओळ दोनदा वाचावी लागली. महेंद्रनं पाणी दिलं. करुणानं मोबाईल थोडा स्वतःकडे ओढला.

टिपणावर कागद का लावलात?

काय सांगणार! "बायकोचं खरं होतं म्हणून," म्हणालो.

दुभाषी बाईंनी ते भाषांतर करायला जरा वेळ घेतला.

२४ सप्टेंबर

निकाल. नामंजुरी रद्द. मुलगी अर्जाच्या दिवशी अठराच्या आत होती असं धरून व्हिसा खात्यानं पुन्हा बघायचं. करुणानं परिच्छेद मराठीत करून पाठवला:

"शिक्षकाची कबुली त्याच्या स्वतःच्या हिताविरुद्ध असल्यानं विश्वासार्ह वाटते. दिवंगत पत्नीच्या टिपणाला बरंच वजन दिलं आहे. कवितेला कोणतंही वजन दिलेलं नाही."

माझ्या काव्यावरची पहिली समीक्षा! थेट परदेशातून. हिला वाचून दाखवायला हवी होती. तिनं समासात 'बरोबर' लिहिलं असतं.

खंडूला फोन केला. "बरं झालं," म्हणाला. आणि जरा थांबून, "कवा जाईल?"

१४ डिसेंबर, रविवार

स्वप्नाली पेढे घेऊन आली. एकवीस. कागदावर अजून साडेएकवीसच.

हिचं पातळ जांभळं होतं – खंडूला आठवत होतं.

१९ जानेवारी २०२६

व्हिसा आला. ३१ तारखेचं विमान. सुरज गाडी काढतोय. मला ती म्हणाली, "सर, एखादी कविता द्या ना बरोबर." मी वहीचं ते पान कापून दिलं, समासासकट. म्हणजे तिला एक वाचण्यासारखी गोष्ट तरी मिळाली.

५ फेब्रुवारी

खंडू आला. एकटा, एस.टी.नं, डोळ्यांनी धड दिसत नसताना. ओसरीवर बसला. बंडीच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून अजून एक, तिच्यातून घडी केलेलं गुलाबी कार्ड. लसीचं. घड्यांवर विरलेलं, पण कुठंही पाण्याचा डाग नाही. स्वप्नालीच्या आईचं नाव. जन्म १४-१२-०४.

"ह्ये माज्यापाशीच व्हतं, मास्तर."

मी तारीख पुन्हा वाचली.

"तुमी एक जून लिवलं. मी निस्ता गप ऱ्हायलो. तेवढ्यात साडेतीन वर्सं मिळाली तिची." मग म्हणाला, "पोरीला सांगू नगा."

चहा केला. दोघंही प्यायलो. कार्ड या पानात ठेवलंय. वर कागद लावला नाही.